योगीच्या गळ्यातली कॉलर

‘कार्टून म्हणजे टॉम अँड जेरी! हल्लीची नुसती ओठ हलवतात.’ पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हे वाक्य दर दोन महिन्यांनी उगवतं. खाली छोटा भीमच्या नावाने बोटं मोडली जातात आणि त्याच दमात कुणीतरी योगी बेअर, स्कूबी-डू, हकलबेरी हाउंड यांना ‘खऱ्या कार्टून’च्या पंगतीला बसवतं. इथे माझं डोकं फिरतं. नुसते ओठ हलवून भागवायची विद्या टीव्हीवर रुळवली ती याच मंडळींनी.

टॉम आणि जेरी मुळात टीव्हीचे नव्हेतच. १९४० पासून ते हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओसाठी, थिएटरात दाखवायला बनत होते. सात ऑस्कर मिळाली. १९५७ मध्ये एमजीएमने तो विभाग बंद केला आणि टॉम-जेरीचे जनक विल्यम हॅना, जोसेफ बार्बेरा टीव्हीकडे वळले; योगी, हकलबेरी, स्कूबी-डू ही त्यांचीच टीव्हीवरची पोरं. तिथे पैसा पूर्वीच्या एक दशांशही नव्हता. हिशेब करून बघा: सात मिनिटं म्हणजे सेकंदाला २४ प्रमाणे १०,०८० फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम पुरवलं तरी एकट्या प्राण्याची ५,०४० चित्रं. कुठून काढणार?

योगीच्या गळ्यात कॉलर आणि टाय आहे, ती अस्वलाला शोभते म्हणून नाही. धड एका सेलवर (म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर), डोकं दुसऱ्यावर, आणि सांधा कॉलरखाली. धड तसंच ठेवायचं, डोकं तेवढं हलवायचं. थोबाडाचा रंग फिकट, त्यामुळे बोलताना तेवढाच तुकडा बदलायचा; मोजकी तोंडं काढून ठेवली की वाट्टेल तो संवाद भागतो. सेलची भोकं खुंट्यांवर घट्ट बसली नाहीत तर मान थरथरते. त्याहून चिवट दुखणं रंगाचं. सेल दिसतो तेवढा पारदर्शक नसतो, दर थरागणिक खालचा रंग किंचित मळतो. शॉटच्या मध्येच वरचा एक सेल काढला की धडाचा तपकिरी रंग एकदम उजळतो. म्हणून तिथे कोरा सेल घालून थर सारखे राखायचे. पळापळीला पार्श्वचित्राची लांब पट्टी, डावं टोक उजव्याशी जुळणारं; तेच झाड चार-चारदा जातं ते त्यामुळे. आपटणं तर दाखवायचंच नाही. पात्र चौकटीबाहेर, कॅमेऱ्याला हादरा, धडाम.

आता सांगा, भीमने वेगळं काय केलं?

योगी तरला तो आवाजावर. डॉज बटलर या एकाच माणसाने योगी, हकलबेरी कुत्रा आणि क्विक ड्रॉ मॅकग्रॉ घोडा या तिघांना आवाज दिला. संवाद आधी रेकॉर्ड व्हायचे, चित्रं मागाहून त्या तालावर. हकलबेरी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या सुस्त हेलात बोलतो आणि निम्मा विनोद त्या हेलातच आहे. १९६० साली त्याच्या कार्यक्रमाला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. तोवर कुठल्याच कार्टून मालिकेला मिळालं नव्हतं.

तिकडे गटांवर भांडण मात्र चित्रांवरून. मराठीत प्राणी बोलतो तो बहुतेक डबिंगमध्ये: तोंडं आधीच ठरलेली, वाक्य त्यात कोंबायचं. आपलं क्रियापद शेवटी, तोवर अस्वलाने तोंड मिटलेलं. मालवणीत गजाली मारणारा एखादा कावळा आधी रेकॉर्ड करा, चांगल्या लेखकाला पैसे द्या, मग खुशाल नुसती चोच हलवा. (इकडे अमेरिकेत बसून सल्ले देणं सोपं असतं, मान्य.)

आणखी एक. योगी पडद्यावर आला १९५८ मध्ये, कार्टून नेटवर्क भारतात आलं १९९५ मध्ये. म्हणजे आपल्या घरी पोचला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. ज्याला आपण ‘आपलं बालपण’ म्हणून कवटाळतो ते इथल्या कुणाच्या तरी वडिलांचं शिळं बालपण आहे. इथे योगीच्या नावाने चालणारी जेलीस्टोन पार्क कॅम्पग्राउंड, म्हणजे तंबू ठोकून राहायच्या जागा आहेत; त्यांच्या दारात योगीचा पुतळा असतो. त्याचा विषय काढला की साठी-सत्तरीतली माणसं खुलतात, माझ्या वयाची नुसती मान डोलावतात. आणि केबलवाल्याला महिन्याचे पैसे देऊन पाहिलेला योगी कसा असतो, हे तर त्या दोघांनाही समजवता येत नाही. त्यासाठी परत त्याच गटावर जावं लागतं, भांडायला का होईना.