स्नॉर्केल लावली म्हणून गाडी पुरातून निघत नाही

रेडेडोह फुटल्याची, म्हणजे पंचगंगेच्या पुराचं पाणी तिथं रस्त्यावर आल्याची, बातमी आली की कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "फोर बाय फोर लो टाका, अ‍ॅक्सिलेटर दाबून जोरात काढा, नाहीतर सायलेन्सरमधून पाणी शिरेल. स्नॉर्केल (इंजिनची हवा वरून घेणारा उंच पाइप) असेल तर बोनेटवरून पाणी गेलं तरी चालतं. बंद पडली तर लगेच सेल्फ मारा." यातलं 'लो टाका', म्हणजे चारही चाकं हळू पण ताकदीनं फिरवणारा गिअर टाका, तेवढं बरोबर आहे. बाकीच्यानं जीव जाईल, म्हणून हे लिहितोय.

सायलेन्सरची भीती उगाच आहे. इंजिन चालू असेपर्यंत धूर पाण्याला बाहेर ढकलत राहतो. इंजिन मरतं ते एअर फिल्टरकडून पाणी ओढल्यानं, आणि जोरात घातलेल्या गाडीपुढं पाणी उसळून तिथवरच चढतं. साचलेल्या पाण्यात लो पहिल्या-दुसऱ्यात, माणूस चालतो त्या वेगानं, एकसारखा अ‍ॅक्सिलेटर ठेवून जायचं. बंपरपुढं लहानशी लाट चालू लागते आणि तिच्यामागं इंजिनपाशी पाणी थोडं खाली राहतं. मध्येच क्लच दाबू नका.

आता स्नॉर्केल. ती फक्त हवेची वाट उंच करते, गाडी जड करत नाही. किती खोल पाण्यातून जाता येतं, तर थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, गुरखाला ७००. म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. थारचं वजन साधारण पावणेदोन टन. केबिनचा तळ साडेचार चौरस मीटर धरा. तळाच्या वर वीतभर पाणी चढलं की जवळजवळ एक टन भार टायरवरून उतरला. दाराची रबरं जितकी चांगली, तितकी गाडी लवकर तरंगणार. टायर टेकलेच नाहीत तर चारही चाकं फिरून काय करणार?

आणि हे झालं साचलेल्या पाण्याचं. रेडेडोहाला पंचगंगेचं पाणी रस्ता आडवा कापत जातं, म्हणजे धक्का सरळ दारावर बसतो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट. दोन फूट वाहतं पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. खाली डांबर उरलंय की खचलंय, ते गढूळ पाण्यात दिसत नाही. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा शिरोलीजवळ हायवेच बंद पडला आणि भरलेले ट्रक रांगेत थांबून राहिले. ट्रक थांबतो तिथं आपण थारनं जायचं नाही. बॅरिकेड दिसलं की गाडी वळवा, मंडुकलीला असो की चिखलीला.

सेल्फचा सल्ला तर इंजिनच्या मुळावर येतो. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. उद्यमनगरात असा एक रॉड मी हातात घेऊन पाहिलाय, उसाचं कांडं वाकावं तसा. मालकानं तीनदा सेल्फ मारला होता. बंद पडली तर चावी काढा, सुरक्षित असेल तर उतरा, गाडी ओढून न्या. मेकॅनिक आधी इंजेक्टर काढून इंजिन फिरवेल, तेव्हा पाण्याची पिचकारी उडते.

सुखरूप निघालात तरी हलका ब्रेक दाबत थोडं जा, म्हणजे लायनर सुकतील. तापलेला डिफ (अ‍ॅक्सलवरचा तेल भरलेला गिअरचा डबा) गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, म्हणजे त्याच्या हवेच्या नळीतून, पाणी ओढलं जातं. दुसऱ्या दिवशी डिफचा बोल्ट सैल करून बघा. तेल दुधाच्या चहासारखं आलं, तर त्याच दिवशी बदला.