ओट्यावर बसून विणा, मग बघा

'विणकाम हा एकट्याने, शांतपणे करायचा छंद आहे' हे विणकामावरच्या एका लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. भुसावळला राहायला आलो तेव्हा ओळखीचं कुणीच नव्हतं. थंडीत दुपारी ओट्यावर उन्हात दहा नंबरच्या सुया आणि लोकर घेऊन बसायचे. चौथ्या दिवशी समोरच्या मावशी आल्या, हातातलं टोपडं उलटून टाके बघितले आणि म्हणाल्या, "माले बी शिकाड ना माय!" त्यांना सुलट लगेच जमलं, उलट टाक्याला मात्र धागा पुढे घ्यायचा हे आठ दिवस लक्षात राहीना. तेवढ्यात आणखी तिघी येऊन बसायला लागल्या. आता गल्लीत कुणाकडे बाळंतविडा न्यायचा असला की टोपडं, मोजे आमच्या हातचेच असतात.

आणि 'आपल्याकडच्या उकाड्यात लोकर कशाला' असं त्या लेखाखालच्या प्रतिक्रियेत एकांनी लिहिलंय, त्यांनी जानेवारीत पहाटे धुळ्याच्या बसस्टँडवर उभं राहून बघावं. पारा पाच-सहा अंशांवर येतो तिथे! उन्हाळ्यात आम्ही सुती धाग्याचं क्रोशाकाम करतो, पण बैठक मोडत नाही. सासूबाई गेल्या त्या महिन्यात मी नुसती बसून राहायचे. मावशींनी काही न बोलता माझ्या हातात सुया दिल्या, चाळीस टाके आधीच घालून.