‘सपोर्ट संपला तरी सर्व्हर चालतो’ म्हणे!

व्हॉट्सॲपवर फिरणारा एक मेसेज फोंड्याच्या एका पतसंस्थेत हिशेब बघणाऱ्या आमच्या वहिनींपर्यंत पोहोचला आणि मंजूर झालेला नवीन सर्व्हर ‘पुढच्या वर्षी बघू’वर गेला. मेसेज, सर्व्हर चालवणाऱ्या दोन जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमबद्दलचा, असा: ‘विंडोज सर्व्हर २०१२ किंवा सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला म्हणून घाबरू नका. सपोर्ट म्हणजे नुसती हेल्पलाइन. सर्व्हर इंटरनेटला जोडलेला नसेल तर धोका शून्य. रोज बॅकअप घ्या. बदलायचाच झाला तर एका रात्रीचे काम. बाकी सगळी विक्रेत्यांनी घातलेली भीती.’

यात खरे आहे तेवढे आधी देऊन टाकतो. सपोर्ट संपला म्हणून सर्व्हर बंद पडत नाही. विक्रेते भीती घालतात हेही खरे. चार वर्षे निवांत चालेल असे मशीन भंगारात काढायला लावणारे आपल्याकडे कमी नाहीत. विंडोज सर्व्हर २०१२ आणि त्याच्या पुढच्या २०१२ आर-टू आवृत्तीसाठी पैसे भरून वाढीव सुरक्षा-सुधारणा घेण्याची सोयही आहे, पण ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मेसेजवाल्याला एवढे गुण पुरे.

आता ती हेल्पलाइन. २०१२ च्या दोन्ही आवृत्त्यांचा नेहमीचा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. त्या दिवसापासून बंद झाल्या त्या सुरक्षेच्या सुधारणा. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी नव्या आवृत्त्यांसाठी सुधारणा सोडते. ती फाइल आधीच्या फाइलशी ताडून पाहिली की भगदाड नेमके कुठे होते ते कळते. बराचसा कोड जुन्या आवृत्तीतही तोच असतो, आणि तिथे ते भगदाड उघडेच राहते. म्हणजे दर महिन्याला चोराला पत्ता मिळतो. सेंटओएसवाल्यांची फसगत वेगळीच. अपडेट कुठून उतरवायचे ती यादी देणारा जुना मिररलिस्टचा पत्ता बंद झाल्यावर यम (अपडेट आणणारा प्रोग्रॅम) चालेना, म्हणून कोणीतरी व्हॉल्टचा पत्ता घालून दिला. आता यम ‘अपडेट करण्यासारखे काही नाही’ असे सांगते आणि सगळे खूश! व्हॉल्ट हे जुने सामान ठेवायचे कोठार आहे, तिथे नवीन काही येतच नाही.

पण सगळ्यात घातक वाक्य ‘इंटरनेटला जोडलेला नसेल तर धोका शून्य’ हे. ऑफिसातल्या कुठल्याही टेबलावरून सर्व्हरचे शेअर्ड फोल्डर उघडून बघा. उघडले? मग त्या पीसीवर जे काही शिरेल त्यालाही तोच रस्ता मोकळा आहे. त्या पीसीवर ईमेल येते, पेनड्राइव्ह लागतो. त्याच नेटवर्क स्विचला सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो. वर ‘घरून टॅली बघायला’ म्हणून राउटरवर ३३८९ पोर्ट (दुरून सर्व्हरवर काम करायचा दरवाजा) उघडून ठेवलेला असतो, तो कोणी उघडला हे आता कोणाला आठवतही नाही.

वॉनाक्राय, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा रॅन्समवेअर, याच वाटेने पसरला. १२ मे २०१७ ला तो सुटला. त्याला कोणी क्लिक करावे लागत नव्हते; ४४५ पोर्टवरून, फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी-१ मधल्या दोषातून, तो एका मशीनवरून शेजारच्या मशीनवर जात होता. त्या दोषाची सुधारणा १४ मार्चलाच आली होती, पण सपोर्ट चालू असलेल्यांसाठी. सर्व्हर २००३ चा सपोर्ट २०१५ मध्येच संपलेला. त्याच्यासाठी मायक्रोसॉफ्टने अपवाद म्हणून सुधारणा काढली, तीही आग लागल्यावर. आणि ‘गोव्यात आमच्या मागे कोण लागतो’ म्हणणाऱ्यांनी जून २०२२ आठवावा: जलसंपदा खात्याच्या पूर-देखरेख यंत्रणेचा सर्व्हर रॅन्समवेअरने कुलूपबंद केला होता आणि खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली होती.

बॅकअप घ्या, जरूर घ्या. पण यूएसबी डिस्क कायम सर्व्हरला लावलेली असेल तर तीही त्याच वेळी कुलूपबंद होते. एक प्रत काढून दुसऱ्या इमारतीत ठेवा आणि ती दुसऱ्या मशीनवर खरेच उघडते का ते बघा. शिवाय बॅकअपमधून परत येणार ती तीच भगदाडवाली सिस्टीम.

राहिली ती एक रात्र. डीव्हीडी घालून त्याच मशीनवर वर चढता येते: २०१२ आर-टूवरून विंडोज सर्व्हर २०१९ वर थेट, साध्या २०१२ वरून आधी २०१६. तरी ते करू नका. पावसात मध्येच वीज गेली आणि यूपीएस वीस मिनिटांत झोपला तर ना जुने राहते ना नवे. नवा सर्व्हर शेजारी उभा करा, जुना चालू असतानाच. त्याआधी महिनाभर, महिनाअखेरीसह, कोणते मशीन कोणत्या पोर्टवर सर्व्हरशी बोलते त्याची नोंद ठेवा. बिलिंगच्या सेटिंगमध्ये नावाऐवजी थेट आयपी लिहिलेला आहे, हे अशाच वेळी सापडते. डोमेन कंट्रोलर (ऑफिसभरची लॉगिन तपासणारा सर्व्हर) असेल तर सिसव्हॉल हे त्याचे सामायिक फोल्डर एफआरएस या प्रती जुळवायच्या जुन्या पद्धतीवरून डीएफएसआर या नव्या पद्धतीवर आधी हलवा, नाहीतर २०१९ चा नवीन कंट्रोलर त्यात सामीलच होणार नाही. डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१४ असेल तर त्याचाही सपोर्ट ९ जुलै २०२४ ला संपलाय. नुसते विंडोज बदलून अर्धेच काम होते.

हमखास अडते ते स्कॅनरपाशी. स्कॅन केलेले कागद फोल्डरमध्ये टाकणारे जुने मशीन फक्त एसएमबी-१ जाणते, आणि २०१९ मध्ये ते मुळात बसवलेलेच नसते. सकाळी स्कॅन जात नाही म्हणून ओरड होते, घाईत कोणीतरी एसएमबी-१ चालू करतो, आणि वॉनाक्रायचा दरवाजा नव्या सर्व्हरवर पुन्हा उघडतो. स्कॅन ईमेलने पाठवा, नाहीतर स्कॅनर बदला.

सेंटओएसवरच्या जुन्या पीएचपी प्रोग्रॅमचे दुखणे नावांचे. मराठी नावे यूटीएफ-८ या मराठी चालणाऱ्या अक्षरसंकेतात, पण भरलेली लॅटिन-१ या युरोपीय अक्षरांच्या संकेताच्या रकान्यांत असतात. साधा डंप (सगळ्या डेटाची एक फाइल) काढून नव्या मारियाडीबी डेटाबेसात घातला की ‘सावंत’च्या जागी टिंबे-टोप्यांची लॅटिन अक्षरे उमटतात. डंप लॅटिन-१ सांगून काढा, फाइलमधली कॅरेक्टर सेटची नोंद यूटीएफ-८-एमबी-४ (यूटीएफ-८ चेच पूर्ण रूप) करा, मगच भरा. मग ळ आणि जोडाक्षरे असलेली दहा-वीस नावे डोळ्यांनी तपासा.

वेळ म्हणाल तर हॉटेलांनी डिसेंबर आणि पतसंस्थांनी मार्च सोडून कधीही. चतुर्थीची सुट्टी मोहात पाडते, पण त्या दिवसांत सॉफ्टवेअरवाला फोन उचलत नाही. सगळे हलल्यावर जुन्या सर्व्हरची नेटवर्क केबल काढा, मशीन पुसू नका. नव्यावर एकदा व्याज आकारणी होऊन आकडे जुळू देत. मग जुन्याच्या डिस्का फोडा; भंगारवाल्याकडे सभासदांचे पॅन आणि आधार जायला नकोत.