पुंगळी अडकली, दोष जवानाच्या माथी

व्हिएतनाम युद्धाचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो: ‘अमेरिकन एम16 रायफलची रचनाच फसलेली. गोळी सुटतानाचा गॅस थेट बोल्टवर, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागावर, सोडल्यामुळे काजळी धरते. त्यात अमेरिकन जवान आळशी, रायफल पुसायचे नाहीत, म्हणून ऐन चकमकीत ती अडकली. एके-47 मात्र कधीच अडकत नाही.’

आळसापासून सुरुवात करू. रायफली आल्या तेव्हा सफाईचं साहित्य पुरेसं आलंच नव्हतं, आणि हिला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरलेला. 1967 मध्ये व्हिएतनाममधल्या खे सान्हजवळच्या टेकड्यांवरच्या लढाईनंतर एका अमेरिकन मरीन जवानानं घरी पत्र लिहिलं. मेलेल्या साथीदारांशेजारी त्यांच्या रायफली खोललेल्या सापडल्या, असं त्यात होतं. आळशी माणूस गोळीबारात रायफल खोलून बसेल का?

आता काजळी. ती धरते, यात वाद नाही. पण रायफल नेमकी कशानं थांबली हे काडतुसाची रिकामी पुंगळी कुठे सापडते त्यावरून कळतं. पुंगळी चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळीतून, निघाली, पण बाहेर पडताना खिडकीत आडवी अडकली, तर पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर कमजोर आहे किंवा बोल्ट पुरेसा मागे आला नाही असा संशय घ्यायचा. निव्वळ काजळीनं बोल्ट जड झाला असता तर असंच जास्त दिसलं असतं. व्हिएतनाममधलं मुख्य दुखणं वेगळं होतं: पुंगळी चेंबरमध्येच घट्ट बसलेली आणि ती ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी तिची कड सोडून किंवा फाडून मोकळी मागे आलेली. मग नळीच्या तोंडातून गज घालून ती ठोकून काढायची, तीही समोरून गोळ्या येत असताना.

असं का व्हायचं? गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरला चिकटते आणि दाब उतरला की आक्रसून सुटते. एम16 चा रचनाकार युजीन स्टोनरनं रायफल बेतली ती काडतुसातल्या आयएमआर नावाच्या दारूवर. 1964 मध्ये अमेरिकन लष्करानं बॉल पावडर ही वेगळी दारू मंजूर केली. तिच्यामुळे नळीतून गॅस घेणाऱ्या छिद्रापाशी दाब वाढला, बोल्ट लवकर आणि जोरात उघडू लागला, पुंगळी पुरती सुटायच्या आत. त्यात चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता. पावसाळी हवेत तिथे गंज धरून खड्डे पडले की पितळ त्यांत रुतायचं. हे खड्डे पुसून जात नाहीत! आपल्या लष्कराच्या जुन्या एसएलआर रायफलला गॅस कमी-जास्त करायचा रेग्युलेटर तरी होता, एम16 वर ती सोयही नव्हती.

वर कहर म्हणजे रायफल बनवणाऱ्या कोल्ट कंपनीला काही काळ जुन्या दारूची काडतुसं वापरून रायफली चाचणीत पास करायची मुभा होती. जवानाच्या हातात मात्र नवी दारू. अमेरिकन संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, इकॉर्ड उपसमितीनं 1967 च्या अहवालात ठपका ठेवला तो लष्करी व्यवस्थेवर.

राहिली एके-47. तिच्या चेंबरला क्रोम होताच, शिवाय तिचं काडतूस चांगलंच निमुळतं, त्यामुळे पुंगळी जरा सरकली की सुटते. ‘कधीच अडकत नाही’ ही मात्र थाप. यंत्र आहे ते, अडकणारच.

आणि रचना फसलेली होती म्हणता, तर बदललं काय? बोल्टचा धक्का झेलणारा नवा बफर आला, एम16ए1 या सुधारित आवृत्तीत चेंबरला क्रोम आला, सफाईचं साहित्य आणि सचित्र पुस्तिका जवानांच्या हाती पडली. गॅस थेट आत सोडायची पद्धत तशीच राहिली, पुढच्या एम4 रायफलमध्येही.