ऑफिसात मेसेंजर चालूच ठेवा, हॅकर लोकांची गैरसोय नको व्हायला

ऑफिसच्या नेटवर्कवर मेसेंजर, म्हणजे चॅटचं अ‍ॅप, नको म्हणून आयटीवाले तुमच्या मागे लागले असतील तर अजिबात ऐकू नका, त्या लोकांना कुणाचं चांगलं चाललेलं बघवतच नाही. उलट प्रत्येक मशीनवर निदान तीन तरी मेसेंजर हवेत. एक ऑफिसचा, एक घरचा, आणि एक कुणी कशासाठी टाकला होता ते आता कुणालाच आठवत नाही असा.

फायरवॉलचं, म्हणजे नेटवर्कच्या वॉचमनचं, टेन्शन तर घेऊच नका. पूर्वी एमएसएन मेसेंजर १८६३ नंबरच्या पोर्टवरून (पोर्ट म्हणजे नेटवर्कचं दार) जायचा, याहू ५०५० वरून, एओएलवाला ५१९० वरून, आणि अ‍ॅडमिन बिचारा तिन्ही पोर्ट बंद करून खुशीत घरी जायचा. मेसेंजर मग ८० नंबरवरून निघायचे, कारण तो बंद केला तर वेबसाइटच दिसणार नाहीत आणि साहेब ओरडणार. आता तर सगळंच ४४३ वरून एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे कुलूपबंद, जातं, म्हणजे पगाराची एक्सेल बाहेर गेली काय आणि गुड मॉर्निंगचं फूल गेलं काय, फायरवॉलला दोन्ही सारखंच.

ईमेलची कटकट तुम्हाला माहितीये. स्कॅनर, स्पॅम फिल्टर, वर परत 'हा मेल बाहेरून आलाय' अशी पट्टी. चॅटवर यातलं फारसं काही नसतं, आणि मेसेज ओळखीच्या नावाने येतो, त्यामुळे तुम्ही पण विचार न करता क्लिक करता, हे फार छान आहे. २००५ मध्ये केल्विर नावाचा वर्म, म्हणजे स्वतःच पसरत जाणारा व्हायरस, असाच पसरला, एमएसएनवर मित्राच्या नावाने लिंक यायची, तुम्ही दाबली की तीच लिंक तुमच्या नावाने तुमच्या सगळ्या मित्रांना. रॉयटर्स या वृत्तसंस्थेला त्या वेळी आपली अख्खी मेसेजिंग सिस्टिम काही काळ बंद ठेवावी लागली. भित्रे लोक, दुसरं काय. आता वर्म वगैरे जुनं झालं म्हणाल तर तसंही नाही, एप्रिल २०२५ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपच्या विंडोज अ‍ॅपमधली एक चूक जाहीर झाली, फाइल दिसायला फोटो, उघडायला गेलात की प्रोग्राम सुरू होऊ शकायचा. म्हणून अपडेट करत बसू नका, 'नंतर आठवण करा' हे बटण त्यासाठीच दिलंय ना.

पासवर्ड ग्रुपवरच टाका. टाकून वर पिन करा, म्हणजे नवीन माणसाला विचारावं लागणार नाही. आत शिरलेल्या हॅकरला पण सर्च बॉक्समध्ये 'पासवर्ड' एवढं टाइप केलं की पुरतं, त्याने सर्व्हर धुंडाळत रात्री जागवाव्यात असं आपल्याला वाटतं का?

माझा आवडता किस्सा ईएचा, म्हणजे फिफा गेम बनवणारी कंपनी, २०२१ चा. हॅकर पोरांनी फायरवॉल बिरवॉल काही फोडलं नाही, चोरीच्या कुकीज (ब्राउझरमधली लॉगिनची खूण) दहा डॉलरला विकत घेतल्या, त्यावर कंपनीच्या स्लॅकमध्ये, म्हणजे ऑफिसच्या चॅट अ‍ॅपमध्ये, शिरले आणि आयटी सपोर्टला मेसेज टाकला, काल पार्टीत फोन हरवला हो, लॉगिनचा टोकन, म्हणजे आत शिरायचा कोड, द्या. सपोर्टवाल्यांनी दिला. (हे त्या पोरांनीच नंतर पत्रकारांना सांगितलं.) ७८० जीबी माल नेल्याचा त्यांचा दावा होता. बघा, याला म्हणतात कस्टमर सर्व्हिस. सपोर्टवाल्याने उलटा फोन करून खात्री केली असती तर केवढा रसभंग झाला असता.

त्यानंतर २०२२ मध्ये उबर. तिथे तर घुसलेल्या माणसाने कंपनीच्या स्लॅकवर स्वतःच जाहीर केलं की मी हॅकर आहे, आणि बातम्यांनुसार बऱ्याच जणांना ती गंमत वाटली, इमोजी पडले! तुम्ही पण तेच करा. चोर स्वतः बेल वाजवून सांगत असेल तर निदान थम्सअप तरी द्यायला हवा.

रेकॉर्ड ठेवायची भानगड नको असेल तर कामाचं सगळं पर्सनल व्हॉट्सअ‍ॅपवर बोला आणि मेसेज गायब होणारे ठेवा. जेपी मॉर्गन बँकेत कामाचं बोलणं असं पर्सनल अ‍ॅपवर चालायचं, रेकॉर्ड ठेवलं नाही म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या दोन नियामकांनी मिळून २० कोटी डॉलर दंड केला. तुमची कंपनी काय, भरेल की.

नोकरी सोडून गेलेल्यांना ग्रुपमधून काढू नका, वाईट दिसतं. कंपनी त्यांचा मेल त्याच दिवशी बंद करते, पण ग्रुपवर ते वर्षानुवर्षं असतात, शांतपणे, वाढदिवसाला तेवढे उगवतात. आता ते कुठल्या कंपनीत आहेत हे विचारणं पण बरं नाही.

आणि एवढं सगळं करून खरंच काही झालं, तर पुढे काय करायचं याची मीटिंग त्याच चॅटवर घ्या. कुठला सर्व्हर बंद करतोय, कुणाचा पासवर्ड बदलतोय, पोलिसांना कधी कळवतोय, सगळं नीट मराठी-इंग्रजीत लिहा. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये लॅप्सस या हॅकर टोळीबद्दल लिहिलं होतं की हे लोक फुटलेल्या कंपनीच्या अशा तातडीच्या कॉलवर आणि चर्चांमध्ये पण जाऊन बसायचे. तेव्हा मिनिट्स वेगळे पाठवायची गरज नाही.