ईशापूरची रायफल आणि खडकीची पुंगळी

सहा वर्षांपूर्वी ओहायोतल्या एका गन शोमध्ये मी जी जुनी लष्करी रायफल विकत घेतली, तिच्या चापाच्या कडीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती आणि त्या चिठ्ठीवर तीनच शब्द होते: ‘एनफील्ड, .३०८, कन्व्हर्जन’. या तिन्ही शब्दांत चूक होती. विक्रेता लबाड होता असे मी म्हणणार नाही; त्याला जे सांगितले गेले तेच त्याने इमानाने चिठ्ठीवर उतरवले होते. परंतु सरप्लस, म्हणजे सैन्याने काढून टाकलेल्या, रायफलींच्या व्यवहारात लबाडीपेक्षा अशा इमानदार ऐकीव माहितीचाच धोका अधिक असतो, असे माझे आता पक्के मत झाले आहे. रायफल स्वतःबद्दल जे सांगायचे ते तिच्या पोलादावर ठोकलेल्या अक्षरांतून सांगत असते. ती अक्षरे वाचायची आणि उरलेले मोजून घ्यायचे, हा कंटाळवाणा मार्गच मला सुरक्षित वाटतो.

पहिला शब्द ‘एनफील्ड’, म्हणजे इंग्लंडमधल्या रायफल कारखान्याचे नाव. घराणे त्याच नावाचे, हे खरे. पण माझ्या रायफलीच्या पोलादावर ‘२ए१’, ‘आर.एफ.आय.’ आणि १९६५ हे साल आहे. आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी, ईशापूर. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी असलेल्या या कारखान्यात पहिल्या महायुद्धाच्या आधीपासून .३०३ बोअरची (म्हणजे .३०३ इंच व्यासाच्या नळीची) मार्क ३ रायफल तयार होत आली. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली ‘थ्री नॉट थ्री’ ती हीच. १९६२ मध्ये नेफाच्या (आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या) डोंगरांत आपले जवान ह्याच बोल्टच्या, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी ओढायच्या, रायफली घेऊन चिन्यांच्या अर्धस्वयंचलित रायफलींसमोर उभे होते. त्या युद्धानंतर सैन्यात ७.६२ मिलिमीटरची एसएलआर ही अर्धस्वयंचलित रायफल येऊ लागली आणि तेच काडतूस चालवणारी एक राखीव रायफल म्हणून ईशापूरने २ए आणि नंतर २ए१ बनवली. दोघींत फरक मुख्यतः मागच्या साइटचा, म्हणजे नेम धरायच्या पट्टीचा: २ए वरील साइट २००० पर्यंत आखलेली, तर २ए१ वरील ८०० मीटरपर्यंत. दोन हजारांवर बोल्टच्या रायफलीने नेम धरणारा माणूस कोण असेल, हा प्रश्न तिथल्या कुणाला तरी पडला असावा.

तिसरा शब्द आधी घेतो, कारण तो लवकर आटोपतो. ‘कन्व्हर्जन’ म्हणजे जुनी .३०३ घेऊन तिच्यात ७.६२ ची नळी बसवली, असा समज अमेरिकेत फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. ७.६२ च्या काडतुसाचा दाब .३०३ पेक्षा जास्त असतो, म्हणून या रायफलीसाठी ईशापूरने अधिक मजबूत जातीचे पोलाद वापरले, काडतुसाला बाहेर आलेली कडा नसल्यामुळे एक्स्ट्रॅक्टर (रिकामे काडतूस ओढून काढणारा आकडा) बदलला आणि चौकोनी पेटीसारखे नवे मॅगझिन दिले. ही रायफल नव्याने घडवलेली आहे. खरोखर रूपांतरित झालेली ईशापूरची वस्तू पाहायची असेल, तर पहारेकऱ्यांसाठी .३०३ ची नळी कोरून केलेली .४१० ची गुळगुळीत नळीची मस्केट पाहावी. तिचे काडतूस .३०३ च्याच पुंगळीपासून, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचापासून, बनवलेले असे. दुकानात मिळणारे .४१० चे शॉटगन काडतूस ही वेगळी वस्तू आहे, आणि इकडे आल्यावर अनेक मस्केटींचे चेंबर (काडतूस बसते तो नळीचा भाग) पुन्हा कोरले गेलेले असल्यामुळे बंदूक-कारागिराने तपासल्याशिवाय तिच्यात काहीही भरू नये.

आता मधला शब्द, ज्यावरून माणसे तावातावाने भांडतात. लष्करी ७.६२ नाटो आणि नागरी .३०८ विंचेस्टर ही काडतुसे बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसतात आणि एकमेकांच्या चेंबरमध्ये बसतातही. परंतु चेंबर मोजण्याचे ‘गो’ गेज .३०८ साठी १.६३० इंचांचे असते, तर लष्करी ७.६२ साठी १.६३५ इंचांचे. ०.००५ इंच म्हणजे हसण्यावारी न्यावा एवढा फरक, असे वाटते. पण लष्करी चेंबर मुद्दामच थोडे सैल ठेवलेले असते आणि लष्करी पुंगळीचे पितळ त्या मानाने जाड असते. नागरी काडतुसाची पुंगळी पातळ असते, आणि सैल, झिजलेल्या चेंबरमध्ये ती ताणली जाऊन बुडाजवळ फाटू शकते. एकजण सांगतो की त्याने वीस वर्षे .३०८ च झाडली आणि काही झाले नाही. त्याच्या रायफलीचे चेंबर घट्ट असेल. माझ्या रायफलीबद्दल त्यातून काहीच सिद्ध होत नाही. रायफलीवर ७.६२ असे कोरलेले असताना तिच्यात दुसरे काही घालण्याचा अट्टहास कशासाठी, हे मला समजत नाही. मी कारागिराला पैसे देऊन हेडस्पेस, म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकते तिथपर्यंतचे अंतर, मोजून घेतला, आणि त्यानंतरच तिच्यासाठी काडतुसे घेतली.

दुसऱ्या वर्षी मी १९४२ ची, राजमुकुटाचा ठसा असलेली ईशापूरची .३०३ सुद्धा घेतली, आणि तिच्यासोबत जुन्या काडतुसांची एक पेटी मिळाली. त्या काडतुसांच्या बुडावर ‘के एफ’ ही अक्षरे होती. के एफ म्हणजे किर्की फॅक्टरी, अर्थात आपल्या पुण्याजवळच्या खडकीचा १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. एक काडतूस कारागिराने मला उघडून दाखवले, तर आत दाणेदार दारूऐवजी शेवयांसारख्या काड्यांची जुडी निघाली. ते कॉर्डाइट, म्हणजे काड्यांच्या रूपातली जुनी दारू, होते. या जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधून (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीतून) नळीत मीठच उरते, ते हवेतला ओलावा खेचते आणि तेलाने मुळीच विरघळत नाही. हे मी वाचलेले होते. तरीही एका पावसाळी संध्याकाळी तेलाची चिंधी फिरवून निर्धास्त झोपलो आणि सकाळी नळीत गंजाची नारिंगी झाक पाहिली. आता रेंजवरून आल्याबरोबर आधी कढत पाणी, मग कोरडी चिंधी आणि शेवटी तेल, हा क्रम मी मोडत नाही. जुन्या काडतुसाच्या बाबतीत चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ असा आवाज आला, तर बोल्ट लगेच उघडायचा नाही. नळी निशाणाकडेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबायचे, कारण बार उशिरा उडू शकतो.

अक्षरे वाचण्याची सवय मला मुळात कॉलेजच्या एनसीसीत लागली. परेडसाठी आम्हाला मिळणाऱ्या थ्री नॉट थ्रीवर ‘डी पी’ असे ठोकलेले असे, आणि ही अक्षरे म्हणजे ड्रिल पर्पज, ही रायफल कवायतीपुरती, हिच्यातून गोळी झाडायची नाही, हे उस्तादांनी पहिल्याच दिवशी घोकून घेतले होते. इकडे मात्र अशाच ‘डी पी’ रायफली ‘किरकोळ दुरुस्तीची गरज’ एवढ्या शेऱ्यावर विकायला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत.

भारतात .३०३ आणि ७.६२ हे दोन्ही निषिद्ध बोअर आहेत. सामान्य परवानाधारकाला ते बाळगता येत नाहीत, म्हणून ईशापूरनेच नागरिकांसाठी .३१५ ची रायफल बनवली. इथे अमेरिकेत पन्नास वर्षे पुरी झालेली लष्करी रायफल ‘क्युरिओ’ या वर्गात येते आणि तिच्या संग्रहासाठी वेगळा परवाना मिळतो. मला तो ग्रीन कार्डानंतर काढता आला. ज्या देशात ही रायफल घडली तिथे ती मला फक्त कवायतीला मिळाली, आणि तिची मालकी मिळायला ओहायोत यावे लागले, याची गंमतही वाटते आणि थोडी हुरहूरही.

माझे मोठे मामा खडकीच्या त्याच कारखान्यातून निवृत्त झाले. पुंगळीच्या बुडाचा फोटो पाठवला तेव्हा त्यांनी चष्मा शोधेपर्यंत फोन धरून ठेवायला लावला, आणि मग म्हणाले, “अरे, हे आमच्या आधीच्या लोकांचं काम. येताना एक रिकामी पुंगळी घेऊन ये.” सामानात रिकामी पुंगळी सापडली तरी विमानतळावर तासन्‌तास अडकून पडावे लागेल, हे त्यांना पटवायला मला तीन फोन लागले. शेवटी तो फोटोच मोठा करून, चौकट लावून पाठवला आहे.