दोनशे युनिट, पाचशेचा सिलिंडर आणि आक्काचा विमा

'हैदराबादला चला, पैसे वाचवा' असा एक मेसेज मी महिनाभरात चार ग्रुपांवर बघितला आणि चारही वेळा अंगठ्यानं वर सरकवला. पाचव्यांदा तो माझ्या बहिणीनं, आक्कानं पाठवला. खाली तिचा आवाज होता, "बग, तिकडं समदं फुकट हाय म्हणू लालेत. यंदा माझ्या इम्याचा हप्ता भरू नको म्हणून सांगितलंय मी पोराला." तेव्हा हातातली भाजी बाजूला ठेवली आणि मेसेज पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला.

भाचा दोन वर्षांपासून हैदराबादला नोकरीला आहे. दाजी गेल्यापासून आक्का लातूरच्या घरात एकटी. म्हणून पोरगा आता बायको-लेकराला आणि आईला घेऊन तिकडं बिऱ्हाड थाटणार. आक्का बासष्ट वर्षांची, शुगर आणि बीपी दोन्हीची पेशंट.

मेसेजचं शीर्षक 'मराठवाड्याच्या बांधवांनो, हैदराबादला चला, महिन्याला ६ हजार वाचवा!' त्याखाली सहा मुद्दे. वीज २०० युनिटपर्यंत सगळ्यांना फुकट, वर गेली तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. पाणी २० हजार लिटर फुकट. सिलिंडर ५०० रुपयांत. एमएच गाडीचा विमा सीमा ओलांडली की बाद, म्हणून आधी रद्द करून घ्या. आरोग्य विमा राज्यापुरताच, तोही बंद करा, तिकडं सरकारच्या आरोग्यश्री योजनेत १० लाखांचे उपचार मोफत. आणि भाडेकरूला घराचा विमा नसतोच, तो खर्च शून्य धरा. ६ हजार कुठून आले, याची बेरीज नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवलं मी. रीत न दाखवता उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी गुण देत नसे.

पाचवा मुद्दा आधी घेते, कारण झोप त्यानं घालवली.

राज्यापुरती असते ती राज्य सरकारची योजना. आपण पैसे भरून घेतलेली आरोग्य पॉलिसी लातुरात चालते तशी हैदराबादेत चालते. आपली महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्राची आहे, ती आक्कासोबत हैदराबादच्या दवाखान्यात येणार नाही, हे खरं. मेसेजवाल्यानं दोन्ही गोष्टी एकाच पातेल्यात घातल्या आणि ढवळल्या.

आता आक्काच्या पॉलिसीचं बघा. पॉलिसी घेताना शुगर लिहून दिली होती, त्यामुळं शुगरशी संबंधित आजारांसाठी प्रतीक्षा काळ लागला, म्हणजे तोवर त्या आजारांचा खर्च कंपनी देत नाही. हा काळ आधी जास्तीत जास्त ४८ महिने असायचा, २०२४ मध्ये विमा नियामकानं तो ३६ महिन्यांवर आणला. आक्काची चार वर्षं भरून झालीत, म्हणजे तिनं तो काळ काढला. आणखी एक वर्ष सलग झालं, ६० महिने भरले, की त्यानंतर 'तुम्ही आजार लपवला होता' म्हणून कंपनीला दावा उडवता येत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. इतक्या काठावर आणलेली नाव मेसेजवाला म्हणतो बुडवा. हप्ता चुकवला, वर ३० दिवसांची सवलतीची मुदतही गेली, की बासष्टाव्या वर्षी, दोन आजार अंगावर घेऊन, नव्यानं अर्ज. कंपनी घेईल की नाही ठाऊक नाही. घेतलं तर हप्ता चढा आणि प्रतीक्षा पहिल्या दिवसापासून.

आणि त्याच्या बदल्यात काय, तर आरोग्यश्री. तिची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये ५ लाखांवरून १० लाखांवर नेली, हा आकडा मेसेजमध्ये बरोबर आहे. पण ती योजना तेलंगणाच्या पांढऱ्या, म्हणजे तिथल्या गरीब घरांच्या, रेशन कार्डवाल्या कुटुंबांसाठी आहे. त्या कार्डाला शहरात वर्षाला २ लाखांची उत्पन्न मर्यादा. भाच्याचा पगार त्याच्या कितीतरी वर. म्हणजे आरोग्यश्री हवी असेल तर पोरानं आधी नोकरी सोडावी! कुणी म्हणेल, 'एक देश एक रेशन कार्ड' आहे की. आहे, पण त्यावर दुसऱ्या राज्यात धान्य उचलता येतं; त्यानं तुम्ही तेलंगणाच्या योजनांचे लाभार्थी होत नाही. सत्तरीच्या पुढच्यांना मिळणारं आयुष्मान कार्ड मात्र देशभर चालतं. आक्काला त्याला अजून आठ वर्षं आहेत.

भाच्याचं म्हणणं वेगळं होतं, "मावशी, कंपनीचा ग्रुप विमा आहे ना." आहे. नोकरी आहे तोवर आहे. आयटीतल्या नोकरीच्या भरवशावर आईची शुगर टांगायची का, एवढंच मी विचारलं. तो गप्प बसला.

अर्धं सत्य इथंही आहे, नाइलाजानं कबूल करते. काही कंपन्या शहरानुसार हप्ता ठरवतात, मोठ्या शहराचा जास्त. तेव्हा पत्ता बदलला की कंपनीला लेखी कळवा आणि वाढणारा हप्ता आत्ताच खर्चात धरा. नवा पत्ता लपवला तर काही पॉलिसींत महागड्या शहरातल्या बिलाचा ठरावीक हिस्सा आपल्याच गळ्यात पडतो. कंपनीच बदलायची असेल तर पोर्ट करता येतं, झालेला प्रतीक्षा काळ सोबत येतो. नूतनीकरणाच्या तारखेआधी दीड महिना तरी हाताशी ठेवा. मध्येच रद्द केली आणि दावा केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत मिळतात, हेही खरं. चार वर्षं देऊन चार-दोन हजार परत.

आता वीज. इथं मी कागद-पेन घेऊन बसले, कारण मेसेजमधलं हे वाक्य धडधडीत खोटं आहे.

तेलंगणाची गृहज्योती योजना २०२४ च्या मार्चच्या बिलापासून लागू आहे. भाडेकरूलाही मिळते. पण 'सगळ्यांना' नाही, पुन्हा तेच पांढरं रेशन कार्ड. आणि २०० च्या वर गेलं तर 'फक्त वरच्या युनिटांचे पैसे' नव्हे, पूर्ण बिल. शिवाय दर कसे आहेत ते तिथल्या २०२२-२३ च्या दरपत्रकात बघा. महिन्याला २०० युनिटपर्यंत असाल तर पहिले १०० युनिट ३ रुपये ४० पैशांनी, पुढचे १०० युनिट ४ रुपये ८० पैशांनी. बेरीज ८२० रुपये. आता एक युनिट जास्त जाळा. २०१ झाले की तुम्ही वरच्या गटात गेलात, तिथं पहिल्या युनिटापासूनच दर वेगळा: २०० पर्यंत ५ रुपये १० पैसे, पुढं ७ रुपये ७० पैसे. बेरीज १,०२७ रुपये ७० पैसे. एका युनिटाची किंमत २०७ रुपये! आपल्या महावितरणाकडं तसं नाही, तुम्ही ३०० जाळले तरी पहिले १०० पहिल्याच दरानं लागतात. त्यामुळं इथल्या सवयीनं तिथला अंदाज बांधला की चुकणारच.

बरं, वीज तिकडं आपल्यापेक्षा स्वस्त आहे का? आहे. महावितरणाच्या बिलावर स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क बघितलं की कुणालाही हैदराबाद स्वस्तच वाटेल. पण स्वस्त आणि फुकट यांत फरक आहे, आणि तो मे महिन्यात कळतो.

भाच्याला मी एकच काम सांगितलं. घरमालकाकडून त्या फ्लॅटच्या मीटरचा सर्व्हिस नंबर घे आणि मागच्या मे महिन्याचं बिल बघ. डिसेंबरचं नको. मालकानं आधी 'दोनशेच्या आतच येतं' म्हणून टोलवलं. मग बिल आलं, ४१२ युनिट. वरच्याच दरानं मांडलं: २०० चे १,०२०, पुढच्या १०० चे ७७०, त्यापुढचे १०० नऊ रुपयांनी ९००, उरलेले १२ साडेनऊ रुपयांनी ११४. नुसता विजेचा आकार २,८०४. स्थिर आकार आणि बाकीच्या चिल्लर रकमा वेगळ्या. त्याच फोनवर आणखी एक कळलं, लिफ्ट आणि बोअरच्या मोटारीचं वेगळं मीटर आहे आणि ते बिल सगळ्या फ्लॅटांत वाटलं जातं. हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

पाण्याबद्दल लातूरकराला कुणी शिकवू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आम्ही प्यायलोय. हैदराबादेत महिन्याला २० हजार लिटर मोफत आहे, २०२१ पासून. चालू मीटर आणि आधारची जोडणी हवी, दोन्ही बघून घ्या. दिवसाला साडेसहाशे लिटर झाले, चौघांच्या घराला पुरून उरतील. नळाला आले तर. उन्हाळ्यात सोसायटीनं टँकर मागवला की त्याचे पैसे 'मेंटेनन्स' या गोंडस नावाखाली येतात. मागच्या एप्रिल-मेचा मेंटेनन्स विचारा, बास.

गाडीच्या मुद्द्यावर मला हसू आलं. नोंदणी आणि विमा या दोन गोष्टी आहेत हेच लिहिणाऱ्याला माहीत नाही. विमा देशभर चालतो. एमएच-२४ ची गाडी तेलंगणात शिरली म्हणून कुठलीही पॉलिसी मरत नाही. बदलावी लागते ती नोंदणी. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४७: दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा. त्यासाठी इथल्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, आणि तिथला रस्ता कर एकरकमी, गाडीच्या वयानुसार. इथं भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मिळतो, पण अर्ज करून, पाठपुरावा करून. खरा मोठा खर्च हा आहे आणि मेसेजमध्ये त्याचं नावही नाही.

विम्यात फरक किती पडतो तेही सांगते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर केंद्र ठरवतं, देशभर एकच. १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये, लातुरात आणि हैदराबादेतही. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मात्र बदलू शकतो. जुन्या मोटार दरपत्रकात देशाचे दोन भाग होते. हैदराबाद, मुंबई, पुणे अशी आठ शहरं 'ए' झोनमध्ये, उरलेला सगळा देश 'बी'त. पाच वर्षांच्या आतल्या, या क्षमतेच्या गाडीला 'बी'त ३.१९१ टक्के, 'ए'त ३.२८३. गाडीची विमा किंमत ४ लाख धरली तर फरक ३६८ रुपये. आता कंपन्यांना दर ठरवायची मोकळीक आहे, झोन मात्र अजून वापरतात. उलट पॉलिसी रद्द करून 'तिकडं गेल्यावर बघू' म्हणत नव्वद दिवस काढले की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. भाच्याचा सलग तीन वर्षांचा ३५ टक्के आहे. वरच्याच ४ लाखांच्या गाडीचा 'ए' झोनमधला हप्ता १३,१३२ रुपये, त्यावर ही सूट साडेचार हजारांच्या वर. आणि मधल्या दिवसांत विम्याविना गाडी रस्त्यावर आणली तर तो गुन्हा, ते निराळंच.

भाडेकरूला घराचा विमा नसतो, हे वाचून माझं डोकं फिरलं. आमचं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा आमच्या घराची मागची भिंत गेली, आणि भिंतीखाली धान्य, भांडी, आक्काचं शिलाई मशीन. भिंत सरकारी मदतीतून उभी राहिली. मशीन नाही. मालकाचा विमा त्याच्या भिंतींचा असतो. तुमचा फ्रिज, टीव्ही, कपाट त्यात येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. भाडेकरूला त्यात नुसत्या सामानाचा विमा घेता येतो, आग, पूर, भूकंप धरून. हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये वस्त्याच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. तळमजल्याचं घर घेणार असाल तर हा खर्च शून्य धरू नका.

राहिला सिलिंडर. ५०० चा दरही त्याच पांढऱ्या कार्डवाल्यांना, आणि तिथंही आधी पूर्ण पैसे भरायचे, अनुदान नंतर खात्यात. आक्कासाठी तो पूर्ण किमतीचाच धरा.

हप्ता परवा भरला. भाच्यानं पावती पाठवली, मी ती आक्काला ऐकवली, ती म्हणाली, "बरं केलंस, पण मेसेजात तर..." मी फोन ठेवला. आता तिचा गॅस तिकडं न्यायचाय. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, अनामत परत घ्यायची, व्हाउचर घेऊन तिकडं नवं कनेक्शन. पण कनेक्शन अजून दाजींच्याच नावावर आहे, ते आधी आक्काच्या नावावर करावं लागेल, आणि त्यासाठी मूळचा कागद हवा. दोन दिवस झाले, कपाट, गाद्यांच्या घड्या, देवघराचा खण, सगळं पालथं घातलं. कागद दाजींनी कुठं ठेवला ते दाजींनाच ठाऊक होतं.